मोज्यांतले गोळे

माझ्या थोरल्या जाऊबाई इतक्या सरळ होत्या की शेजारणीची वाटी परत करतानासुद्धा ती घासून, पुसून, उजेडात धरून बघायच्या आणि मगच द्यायच्या. अशा बाईने वर्षानुवर्षं नवऱ्यापासून एक गोष्ट लपवली आणि त्या कटात मी सामील होते. ती गोष्ट म्हणजे काचेचे गोळे, नाताळच्या झाडाला टांगतात ते. हसायचं असेल तर खुशाल हसा, मीही आधी हसलेच होते.

मी त्यांना ताई म्हणायचे. ताई एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलावर काम करायच्या. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, कोणाकोणाचे लग्नातले सूट. वाफेने त्यांच्या बोटांची कातडी अशी राठ झाली होती की चुलीवरचं पातेलं त्या फडक्याशिवाय उतरवायच्या. आणि नेमक्या याच बोटांना हौस कसली, तर कांद्याच्या सालीइतक्या पातळ काचेची! हात लावून ती काच कशी आहे हे त्यांना कळायचंच नाही. म्हणून त्या गोळा कानाशी न्यायच्या, नखाने हलकेच टिचकी मारायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. आवाज लांबला तर गोळा चांगला. बद्द वाजला की परत फळीवर.

दुसरी परीक्षा नाकाची. गोळ्यात स्वतःचं तोंड बघायचं. "नाक वांग्याएवढं दिसलं पाहिजे," ताई म्हणायच्या. "ज्यात बाई बरी दिसते तो गोळा खोटा." मग आम्ही दोघी त्या दुकानात उभ्या राहून एकमेकींची वांगी बघत बसायचो.

दुकान बाजारामागच्या गल्लीत होतं. एरवी तिथे कागदी फुलं, फुगे, वाढदिवसाच्या टोप्या असलं काहीबाही असायचं, पण नाताळ जवळ आला की छतापासून जमिनीपर्यंत सगळं लखलखायचं. आम्हाला दारात बघितलं की दुकानदार आधी खुर्ची पुढे सरकवायचा, कारण आम्ही लवकर टळणार नाही हे त्याला ठाऊक होतं. सुरुवातीला तो बिचारा डबे काढायचा, एका मापाचे, एका रंगाचे, ओळीत बसवलेले गोळे. ताई त्या डब्याकडे शिळ्या भाजीकडे बघावं तशा बघायच्या. "सगळे सारखे. सारख्यात निवडायचं काय?" मग सुटे गोळे निघायचे. घंटा, चांदण्या, पाइनची फळं, तुतारी वाजवणारे गुबगुबीत देवदूत. एकदा काचेचा हिरवा पक्षी निघाला, शेपटीला खऱ्या केसांचा झुपका लावलेला. तो पक्षी घ्यावा की न घ्यावा यावर त्या बाईने अख्खी दुपार घालवली. माझे पाय बोलायला लागले होते. घरी चार शब्द मोजून बोलणारी ही बाई, तिथे दुकानदाराशी वाद घालत होती, हसत होती, पक्ष्याला खिडकीपाशी नेऊन सूर्याला दाखवत होती. शेवटी तो घेतला आणि भाजीच्या पिशवीत पालेभाजीच्या गादीवर ठेवला. घरी जाईपर्यंत आम्ही दोघी अशा चालत होतो की रस्त्यात बघणाऱ्याला वाटावं, यांच्या पिशवीत उकळतं दूध आहे.

एकदा मी त्यांना चिडवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं, मी म्हटलं, "ताई, ही तुमची पोरंच म्हणायची." त्या अशा तडकल्या की मी जीभच चावली. "पोरं कशाला? गोळे आहेत ते. मला आवडतात म्हणून आहेत. आवडायला कारण लागतं का गं?"

आता लपवायचं कारण. माझे मोठे दीर, भाऊजी, माणूस सोन्यासारखा, पण घर दीड खोलीचं आणि त्यांचा धंदा दुरुस्तीचा. मिक्सर, पंखे, इस्त्र्या. दुकानात मावेना ते घरी यायचं. एका नाताळात पत्र्याची पेटी गोळ्यांनी गच्च भरली तेव्हा ते म्हणाले, "आता बास हं. पेटी भरली, हौस भरली." ताई म्हणाल्या, "बरं." ताईंचं 'बरं' म्हणजे होकार नव्हे, हे मला कळायचं. त्यांना नाही.

त्या घरात वर एक माळा होता आणि माळ्यावर भाऊजींची हार ओळीने मांडलेली होती. त्यांच्या हातून जी यंत्रं दुरुस्त झाली नाहीत आणि कंटाळून ज्यांचे मालक न्यायलाही आले नाहीत, ती त्यांनी आपापल्या खोक्यांत घालून, सुतळीने बांधून वर ठेवून दिली होती. कधीतरी जमेल म्हणून. पुढे ते त्या ओळीकडे मान वर करून बघेनासे झाले. कोणी विषय काढला की चपला घालून बाहेर. एवढ्या तेवढ्या मिक्सरचं काय मनाला लावून घ्यायचं, असं मला वाटायचं, पण माणसाचं कुठे दुखतं ते त्याचं त्याला ठाऊक.

ताईंनी नेमकी तीच जागा धरली. एकेका खोक्यातलं मेलेलं यंत्र त्यांनी लॉन्ड्रीच्या पिशवीतून गुपचूप बाहेर नेलं आणि त्या जागी गोळे आले. गुंडाळायला मोजे. लॉन्ड्रीत जोडी हरवलेले एकेकटे मोजे साठायचे, कोणी मागायला यायचं नाही. प्रत्येक गोळ्याला एक मोजा. वरून तीच सुतळी, तीच गाठ. आठवड्याच्या सुट्टीला भाऊजी दुकानात गेले की मी त्यांच्याकडे जायचे, शिडी धरायचे आणि आम्ही एखादं खोकं खाली काढून पलंगावर मोजे उलगडत बसायचो. झाड लहान, त्यावर मावायचे थोडे. म्हणून ताई दरवर्षी आलटून पालटून लावायच्या. भाऊजी विचारायचे, "हा पक्षी नवा का?" "अहो, तो तर दरवर्षी असतो." "असं होय," म्हणून भाऊजी चहा प्यायचे.

मग ताई आजारी पडल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा वाटलं होतं, आठवड्याभरात येतील. तपासण्या झाल्या, पुन्हा तपासण्या झाल्या आणि नाताळ तोंडावर आलेला असताना डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, घरी बरं वाटेल. भाऊजींना त्यातलं 'बरं वाटेल' एवढंच ऐकू आलं. ताईंना सगळं ऐकू आलं.

भाऊजी सकाळपासून घर आवरायला गेले होते. ताईंनी मला जवळ बोलावलं.

"अगं, या वर्षी सगळे लाव."

"सगळे?"

"सगळी खोकी. झाडावर मावले नाहीत तर दोऱ्या बांध, खिडकीला लाव, पंख्याला लाव. मला एकदा सगळं एकदम बघायचंय. कधी बघितलंच नाही गं मी."

"आणि भाऊजींना काय सांगू?"

"त्यांना काही सांगू नकोस. लावून झालं की आत बोलव." त्यांचे सुकलेले ओठ हसले. "त्यांचं तोंड बघायचंय मला. एवढं कर. पुढचा नाताळ काही माझा नाही."

मी हो म्हटलं. बाहेर जिन्यावर येऊन भिंतीला डोकं लावून रडले, तोंड धुतलं आणि तशीच त्यांच्या घरी गेले.

भाऊजी घरीच होते. दार उघडताना त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांनी उजेड बघितला. "ये, ये. बघ तरी!" घर झाडून लख्ख केलेलं. पलंग बाहेरच्या खोलीत आणलेला, ताईंना माणसं दिसावीत म्हणून. मी वर बघितलं. माळा रिकामा होता.

"खोकी कुठे आहेत, भाऊजी?"

"सकाळीच दिली भंगारात." ते हात झटकत म्हणाले. "तिचा पलंग त्या माळ्याखाली येणार. वरून काही पडलं बिडलं म्हणजे? आणि खरं सांगू, किती वर्षं ते ओझं डोक्यावर ठेवायचं? म्हटलं ती घरी येतेय, तिच्यासाठी तरी मोकळं व्हावं."

"उघडून बघितली का?"

"काय बघायचंय त्यात?"

"हलकी नाही लागली?"

"मी हात कुठे लावला? त्याला म्हटलं, माळा तो, शिडी ती. मी बाहेर जाऊन उभा राहिलो."

माझा स्वभाव तापट, आमच्या घरात भिंतींनाही माहीत आहे. त्या क्षणी मला गप्प बसता आलं असतं तर कदाचित बरं झालं असतं, पण ते माझ्या नशिबातच नाही. मी ओरडले. सगळं सांगितलं. मोजे, गोळे, शिडी, वर्षानुवर्षांच्या दुपारी आणि ताईंनी तासाभरापूर्वी काय मागितलं ते. भाऊजी ऐकत ऐकत पलंगाच्या कडेवर बसले. मग एकदम उठले आणि चपला न घालताच जिना उतरायला लागले. मी त्यांच्या चपला हातात घेऊन मागे धावले.

भंगारवाला गाड्यांच्या टायरांपलीकडे बसला होता. "मिक्सर म्हणून उचलली खोकी," तो म्हणाला. "उघडतो तर मोजे! मला वाटलं साहेबांची फिरली की काय." त्याचं काही चुकलं नव्हतं. पुठ्ठा वेगळा, चिंध्या वेगळ्या, काच वेगळी, हाच त्याचा धंदा. खोकी चपटी करून बांधून ठेवली होती. मोजे उलटे करून झटकले होते. झटकले, हा शब्द त्याने किती सहज उच्चारला!

काचेचा ढीग मागे होता. तपकिरी बाटल्या, फुटक्या बरण्या, खिडकीच्या काचा आणि मध्ये मध्ये लाल, हिरवं, सोनेरी काहीतरी चमकत होतं. भाऊजी उकिडवे बसले. एक लाल तुकडा त्यांनी उचलला आणि उलटा केला.

"आतून चांदी असते?" त्यांनी मला विचारलं.

इतके नाताळ त्या झाडाखाली चहा प्यायलेला माणूस.

मी चिंध्यांच्या ढिगाकडे वळले. एकेक मोजा दाबून बघायला लागले. रिकामा. रिकामा. रिकामा. कुठे आत चुरा करकरायचा. ढिगाच्या तळाशी लोकरीचे जाड मोजे होते, आळसाने झटकायचे राहून गेलेले, त्यात थोडे गोळे शाबूत मिळाले. थोडे म्हणजे किती थोडे, ते माझ्या ओंजळीला माहीत. हिरवा पक्षी मिळाला नाही. झुपका मिळाला. भाऊजींची बोटं कापली होती, ते तरी तुकडे उचलतच होते. भंगारवाल्याने त्यांचा दंड धरून त्यांना उठवलं. "साहेब, यातून काही उभं राहायचं नाही," तो हळू आवाजात म्हणाला. आयुष्यभर लोकांना हेच वाक्य सांगायला लाजलेले भाऊजी, त्यांनी ते मान खाली घालून ऐकलं.

परतताना मी म्हटलं, "दुकानातून डबे आणू. भरपूर आणू. लावून टाकू."

"तिला कळेल का?"

"दारातून आत येताच."

"मग मी सांगतो," भाऊजी म्हणाले. "तू मध्ये बोलू नकोस, धाकटे."

दुसऱ्या दिवशी ताईंना घरी आणलं. झाडावर पेटीतले जुने गोळे आणि ओंजळभर वाचलेले. ताईंनी पलंगावर टेकताच झाडाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, वर पंख्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी मान वळवली. आमच्या दोघींमध्ये भाऊजी येऊन उभे राहिले, पट्ट्या बांधलेली बोटं पाठीमागे लपवून.

"मी भंगारात दिली ती खोकी. न उघडता."



"उघडून बघायला काय झालं होतं तुम्हाला?" ताईंचा आवाज इतका बारीक होता की मी पुढे वाकले.

"मला जमलं नाही ते मला बघवत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत होतं. म्हणून तर तिथे ठेवले होते मी."

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या भिंतीत बघण्यासारखं काही नव्हतं. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा असू दे म्हणतील. मरणाच्या दारात माणसं क्षमा करतात असं ऐकलं होतं. ताईंनी केली नाही. भाऊजी पाणी द्यायचे, त्या प्यायच्या. उशी सरळ करायचे, त्या करू द्यायच्या. पण शब्द नाही. भाऊजी स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर उभे राहायचे. "ती बोलत नाही गं. अशीच गेली तर?"

मग त्यांनी मला गोळ्यांच्या दुकानाचा पत्ता विचारला. पहिल्या दुपारी त्यांनी डबा आणला, छान सारखे सारखे गोळे. ताईंनी तोंड वळवून बघितलं आणि त्या दिवसानंतरचा पहिला शब्द बोलल्या.

"परत करा."

भाऊजींचा चेहरा असा फुलला की जणू बक्षीस मिळालं. बोलली!

दुसऱ्या दुपारी सुटा गोळा आणला, टपोरा, जांभळा. ताईंनी नखाने टिचकी मारली. प्लॅस्टिक होतं. "परत करा." तिसऱ्या दुपारी काच होती, पण भाऊजींनी तो गोळा त्यांच्या तोंडासमोर धरला तर ताई त्यात फारच बऱ्या दिसल्या. परत. दुकानदाराने म्हणे आता भाऊजींसाठी खुर्ची पुढे करायला सुरुवात केली होती. भाऊजी येऊन पलंगापाशी बसून बाजाराच्या बातम्या सांगायचे. "आज निळे आलेत."

"कसले निळे?" ताई डोळे मिटूनच.

"निळे म्हणजे... निळे."

"आकाशाचे, शाईचे, की गॅसच्या ज्योतीचे? उद्या नीट बघून या."

भाऊजी नीट बघून आले. दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून ते दुपार दुपार काचेला कान लावून बसू लागले. आणलेला गोळा हातरुमालात, हातरुमाल टोपीत, टोपी छातीशी. आणि दर वेळी तेच, परत करा. एकदा त्यांनी गॅसच्या ज्योतीचा निळा आणला, वर पांढऱ्या चांदण्या, आवाज असा लांबला की मीही स्वयंपाकघरातून ऐकला. ताईंनी तो बराच वेळ हातात धरला. आणि परत पाठवला.

भाऊजी जिना उतरल्यावर माझा संयम सुटला. "ताई, आता पुरे! तो चांगला होता. त्या माणसाचे हाल बघवत नाहीत मला."

"होताच चांगला," ताई म्हणाल्या. "कालचाही वाईट नव्हता."

"मग ठेवून घ्या की एखादा!"

त्यांनी माझा हात धरला. त्या हाताला वजनच उरलं नव्हतं. "ठेवा म्हटलं तर उद्या ते जातील का गं बाजारात? त्यांनी परत यावं, आणि आज काय आणलं असेल म्हणून मी दाराकडे बघत पडावं. दुसरं काय आहे मला उद्यासाठी? त्यांना सांगू नकोस." मग म्हणाल्या, "रागही आहेच हं अजून. तो काही गेला नाही."

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळपासून ताईंनी डोळे उघडले नाहीत. श्वास अडखळत होता. डॉक्टर येऊन गेले आणि जाताना मला दाराशी सांगून गेले. भाऊजी तेव्हा बाजारात होते. दुपारी आले, चपला काढल्या, टोपी काढली, रुमाल सोडला. गोळा साधाच होता, पारदर्शक, नक्षी नाही, काही नाही. आत बघितलं तर पूर्ण खोली उलटी दिसत होती, पलंग, खिडकी, आम्ही.

"बघ गं," ते म्हणाले. "हा मी खूप शोधून आणला."

ताईंच्या पापण्या हलल्या नाहीत. भाऊजींनी गोळा त्यांच्या कानाशी नेऊन टिचकी मारली. थांबून पुन्हा मारली.

"आवडला नाही का? मग नाही म्हण. परत करा म्हण. मी जातो लगेच. नाही तरी म्हण गं!"

मला सहन झालं नाही. ताईंना दिलेला शब्द मी मोडला. "भाऊजी, त्यांना आवडत होते. तो निळा तर फारच. मुद्दाम परत पाठवायच्या, तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं म्हणून. त्या वाट बघत असायच्या तुमची."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. एकदा ताईंकडे बघितलं. मग गोळा रुमालात गुंडाळला, रुमाल टोपीत ठेवला आणि पायाने चपला शोधायला लागले.

"आता कुठे निघालात?"

"बदलून आणतो."

"अहो, डॉक्टर काय म्हणाले माहीत आहे का? बसा त्यांच्यापाशी!"

"मी बसलो तर ती वाट कोणाची बघेल?" भाऊजी म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

मी पलंगावर बसले. ताईंचा हात गार पडत चालला होता, मी तो दोन्ही हातांत घेतला आणि त्यांच्या कानाशी वाकले.

"ताई, भाऊजी बाजारात गेलेत," मी म्हटलं. "आज वेळ लागेल त्यांना. वाट बघा."